पाण्यातला जॉइंट : जेसी बसवून सील करण्याची कृती

जुलैमध्ये पुनावळ्यातलं इंटरनेटचं चेंबर उघडलं तर आत पाणी असणार, हे धरूनच चालायचं. गावाला एका अंगाने पवना आहे. मुंबई–बंगळूरु महामार्ग हद्दीतून जातो आणि त्याच्या भरावामुळे पावसाचं पाणी सर्व्हिस रोड आणि अंडरपासकडे ओढ घेतं. त्यात गाव झपाट्याने वाढतंय. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या या गावात आता टॉवरमागून टॉवर उभे राहतात. रस्ता एकदा ड्रेनेजसाठी खोदला जातो, मग पाण्याच्या लाइनसाठी, मग एमएनजीएलच्या गॅससाठी, मग महावितरणच्या केबलसाठी. दर खोदाईत चेंबरच्या भिंतीला हादरा बसतो आणि काळी माती पावसात फुगून, उन्हाळ्यात आकसून ती भिंत आणखी हलवते. असल्या चेंबरमध्ये पाणी शिरणारच. ते थांबवणं जॉइंट बांधणाऱ्याच्या हातात नाही. पाण्यात बुडालेल्या डब्याच्या आतलं कोरडं ठेवणं मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात आहे.

हा डबा म्हणजे जॉइंट क्लोजर. साइटवर सगळे त्याला जेसी म्हणतात. केबलचे दोन तुकडे जिथे जोडले, तिथल्या केसासारख्या बारीक काचा त्याच्या पोटात असतात. नवीन मुलं या कामात येतात ती स्प्लायसिंग मशीनच्या ओढीने. स्क्रीनवर दोन काचा समोरासमोर येतात, ठिणगी पडते आणि ०.०२ डेसिबल लॉस दिसतो. त्यात मजा आहे, पण ते काम मशीन करतं. जेसीचा पोर्ट, म्हणजे केबल आत घेणारं तोंड, घासणं, पुसणं, तापवणं आणि निवेपर्यंत हात न लावता बसून राहणं, हे मशीन करत नाही. पावसाळ्यानंतर उघडाव्या लागणाऱ्या जेसींमध्ये स्प्लायसिंग सहसा ठीकच निघतं, पाणी पोर्टातून आलेलं असतं. म्हणून पुढच्या कृतीत सीलला जास्त जागा दिली आहे.

पाण्याने नेमकं काय होतं

पाणी लागलं की लगेच सिग्नल जातो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. भिजलेला जॉइंट काही महिने व्यवस्थित चालतो आणि म्हणूनच फसवतो. काचेच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म भेगा असतातच. ट्रेमध्ये फायबर वळवलेलं असतं, म्हणजे त्यावर ताण असतो. ताण आणि ओल एकत्र आले की भेगा हळूहळू खोल जातात आणि एके दिवशी कोअर, म्हणजे ती काच, आपोआप तुटते. केबलमध्ये स्टीलची टेप असेल तर तिला गंज चढतो, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि तोही काचेत शिरून प्रकाश खातो. गाळ शिरला तर स्प्लाइसच्या स्लीव्ह खोबणीतून सुटतात. ग्राहकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत, कुठे खोदाई नसताना, नेट गेलं.

जायच्या आधी

जेसीची निवड आधी करा. चेंबरसाठी उभी, डोमची म्हणजे घुमटासारख्या झाकणाची जेसी घ्यावी. तिच्या सगळ्या केबल एकाच बाजूने, खालून आत जातात. आडवी जेसी खांबावर किंवा कोरड्या जागी चालते, पण बुडणाऱ्या चेंबरमध्ये माझं मत स्पष्टपणे डोमच्या बाजूने आहे. त्याचं कारण टांगण्याच्या टप्प्यावर येईल. डब्यावर आयपी ६८ लिहिलंय का ते बघा, पण नुसत्या त्या शिक्क्यावर विसंबू नका. तो शिक्का नीट बंद केलेल्या डब्याला लागू आहे. केबलची जाडी मोजून न्या आणि पोर्टच्या मापाशी ताडून बघा. बारीक केबल मोठ्या पोर्टात घालून वर टेपचे वेढे मारणं हा उपाय नव्हे. कंपनीच्या किटमध्ये जाडी वाढवायची पट्टी दिली असेल तरच ती वापरायची.

सामान रात्रीच भरून ठेवा : स्प्लायसर, क्लीव्हर, स्ट्रिपर, शीथ म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण कापायचं कटर, ९९ टक्के शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे वाइप्स, जेली काढायचं द्रावण, काचकागद, ॲल्युमिनियम फॉइल, हॉट एअर गन किंवा गॅस टॉर्च, स्प्लाइसच्या ६० मिलिमीटरच्या स्लीव्ह, टाय, हातपंप, साबणाचं पाणी, झाकणाची बाटली, मार्कर, टॅग. पाणी उपसायचा पंप आणि झाकण उचलायला पहार. फडकी भरपूर घ्या, अंदाजापेक्षा दुप्पट.

केबल चालू असेल तर ज्यांची आहे त्यांच्या कंट्रोल रूमकडून वेळ मागून घ्यायची. बहुतेकदा ती मध्यरात्रीनंतरची मिळते. रस्ता खोदायचा असेल तर महापालिकेची परवानगी लागतेच. शिवाय २०२३ च्या मार्चमध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं आहे, त्यावर खोदाईची सूचना टाकता येते. पुनावळ्यासारख्या ठिकाणी, जिथे एकाच कडेला पाच खात्यांच्या वाहिन्या पडल्यात, ती टाकलीच पाहिजे.

चेंबर उघडताना

सर्व्हिस रोडला कोन आणि बॅरिकेड लावल्याशिवाय झाकणाला पहार लावायची नाही. रात्री तर रिफ्लेक्टर जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवंच. उतारावरून येणाऱ्या डंपरला उघडं चेंबर दिसत नाही.

झाकण सरकवलं की लगेच वाकून बघू नका. शक्य असेल तर शेजारचंही चेंबर उघडून वारा खेळू द्या आणि गॅस डिटेक्टर आत सोडा. घरगुती पाइपलाइनचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो झाकणाखाली साठतो. ड्रेनेजमधला हायड्रोजन सल्फाइड जड असतो, तो तळाशी बसतो. म्हणून डिटेक्टर वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी धरायचा. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर तो आधी नाकाची संवेदनाच मारतो. एकट्याने कधीही उतरायचं नाही. वर एक माणूस थांबलेलाच पाहिजे, फोनवर न बोलता. आणि गॅस टॉर्च असो की स्प्लायसरची ठिणगी, चेंबरच्या आत दोन्ही पेटवायची नाहीत. केबलचा लूप वर काढून गाडीत किंवा तंबूत काम करायचं.

त्यासाठी लूप हवा. दोन्ही बाजूंच्या केबलचे १० ते १५ मीटर चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेले असले, तर जेसी आरामात वर येते. केबल टाकतानाच लूप वाचवणारे ठेकेदार असतात. त्यांनी वाचवलेले मीटर पुढे जॉइंट बांधणाऱ्याच्या पाठीला आणि ग्राहकाच्या नेटला भोवतात. केबल वर ओढताना तिच्या जाडीच्या वीसपटीपेक्षा लहान गोलाईत वाकवू नका, १२ मिलिमीटरच्या केबलला २४ सेंटिमीटर त्रिज्या. स्थिर ठेवल्यावर साधारण दहापट चालते.

केबल सोलणं

केबलचं टोक पाण्यात पडून असेल तर पहिला मीटरभर तुकडा कापून फेकून द्या. मग शेवटचे दोन मीटर आधी ओल्या आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसा. काळी माती शीथवर तेलकट थर धरते, एका पुसण्यात ती जात नाही. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसायचं.

शीथ किती सोलायची हे जेसीच्या पत्रकात असतं. डोमला बहुधा मीटरभर किंवा थोडी जास्त लागते. गोल कटरची पाती शीथच्या जाडीपेक्षा किंचित कमी खोल ठेवा, गोल फिरवा आणि केबल हलकेच वाकवून शीथ मोडा. पातीने पूर्ण कापायला गेलात तर एखाद्या ट्यूबवर ओरखडा बसतो आणि त्या ओरखड्यावर ती पुढे केव्हातरी पिचते. जेली द्रावणाने पुसून काढा. पेट्रोल वापरू नका, ते ट्यूबचं प्लास्टिक खराब करतं आणि आगीचा धोका वेगळाच. मधली एफआरपीची काडी पत्रकात दिलेल्या मापाएवढी ठेवून बाकी कापा. पिवळा केव्हलार कात्रीने कापून, थोडा क्लॅम्पसाठी राखा. स्टीलची टेप असलेल्या केबलला अर्थिंगची क्लिप शीथखाली सरकवून जेसीच्या अर्थ पॉइंटला जोडायची असते. ही पायरी गाळलेली जेसी वरून ठीक दिसते, पण विजेच्या दिवसांत महागात पडते.

आता केबल पोर्टातून आत घालायची. पोर्टाचं टोक बंद असतं. जे वापरायचे आहेत तेवढेच पोर्ट हेक्सा ब्लेडने कापा आणि कापलेल्या कडेचे बुरे घासून काढा. न कापलेला पोर्ट हा जगातला सर्वांत भरवशाचा सील आहे, तो उगाच घालवू नका. हीट श्रिंक स्लीव्ह आधी केबलवर ओवून घ्या. हे विसरलं की सगळं पुन्हा उपसावं लागतं. चालू केबल न कापता लूप आत घ्यायचा असेल तर तो मोठ्या, लंबगोल पोर्टातून जातो. आतल्या बाजूला एफआरपीची काडी क्लॅम्पखाली घट्ट आवळा, केव्हलार स्क्रूभोवती बांधा. केबलवर बाहेरून ताण आला तर तो या काडीने घ्यायचा असतो, सीलने किंवा काचेने नव्हे. मग केबल हाताने ओढून आणि पिळून बघा. ती तसूभरही फिरली तर क्लॅम्प पुन्हा आवळायचा.

पोर्ट सील करणं

माझ्या मते हे काम स्प्लायसिंगच्या आधी झालं पाहिजे. पुष्कळ जण आधी स्प्लायसिंग उरकतात आणि शेवटी, कंट्रोल रूमची वेळ संपत आलेली असताना, घाईघाईने टॉर्च मारतात. त्यात दोन तोटे आहेत. ट्रेमध्ये जोडलेल्या काचा असताना जेसीच्या बुडाला उष्णता आणि धक्के बसतात. आणि स्लीव्ह निवायला जो वेळ लागतो तो कुणी देत नाही. आधी सील केलं तर पुढचा तास स्प्लायसिंगमध्ये जातो आणि तेवढ्यात सील आपोआप निवतो.

सुरुवात काचकागदाने. पोर्टाची बाहेरची बाजू आणि स्लीव्ह जिथपर्यंत येणार तिथपर्यंतची शीथ घासायची, नेहमी गोल दिशेने, केबलभोवती. लांबीच्या दिशेने घासलं की त्या ओरखड्यांचे बारीक पाट तयार होतात आणि पाणी त्याच पाटांतून आत उतरतं. घासलेल्या भागावर अंगठा फिरवा. चकाकी सगळीकडून गेलेली हवी, खालच्या बाजूनेही, जिथे डोळा पोचत नाही. केबलवर मीटरचे आकडे उठावात छापलेले असतील तर तेही सपाट करा. मग अल्कोहोलने पुसा आणि सुकू द्या. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा गोंदाला धरू देत नाही.

स्लीव्ह पोर्टावर सरकवून ती केबलवर कुठपर्यंत येते तिथे मार्करने खूण करा. खुणेच्या पलीकडे केबलभोवती फॉइल गुंडाळा. फॉइलची कड खुणेच्या थोडी आत, म्हणजे स्लीव्हखाली जाईल अशी ठेवायची, तिने केबलची शीथ आगीपासून वाचते. एका पोर्टात दोन केबल असतील तर दोघींच्या मधल्या फटीत ब्रँच क्लिप बसवलीच पाहिजे. तिच्या पोटात गोंद असतो, तो वितळून मधली दरी भरतो. क्लिप नसेल तर वरून कितीही सुंदर दिसणारी स्लीव्ह मधोमध उघडी राहते. पाण्याला एवढीच वाट पुरते.

तापवायला आधी पोर्टाच्या बुडाशी, डब्याच्या बाजूला सुरुवात करा आणि आच गोल फिरवत केबलकडे सरका. टॉर्च असेल तर ज्योत मऊ, पिवळसर ठेवा. निळी धारदार ज्योत एकाच जागी जाळते. हात सतत फिरता हवा. स्लीव्ह आकसत जाते, तिच्यावरचे हिरवे ठिपके रंग बदलतात. इथे बरेच जण थांबतात.

“दादा, हिरवं गेलं सगळं. झालं ना?”

“कडेला गोंद दिसतोय का?”

“एका बाजूला दिसतोय.”

“मग खालून मार अजून. सगळीकडून यायला पाहिजे.”

ठिपके सांगतात की बाहेरचा थर पुरेसा तापला. आतला गोंद वितळला की नाही हे स्लीव्हची कड सांगते. केबलकडच्या कडेला पूर्ण गोलाईत गोंदाची बारीक, चकचकीत वळी बाहेर आलेली दिसली पाहिजे. एका जागी दिसत नसेल तर तिथेच आणखी आच द्या. ब्रँच क्लिपच्या भोवती सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण तिथे प्लास्टिक जाड असतं.

आणि मग हात काढून घ्या. केबल हलवू नका, जेसी उचलू नका, निवावी म्हणून पाणी तर अजिबात मारू नका. गोंद थिजताना केबल हलली तर आत बारीक पोकळी राहते, जी बाहेरून कुणालाच दिसत नाही. स्लीव्ह हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात अर्धा तासही लागतो.

रबर किंवा जेलच्या सीलची, तापवावी न लागणारी जेसी असेल तर तत्त्व तेच, फक्त हत्यार वेगळं. केबलच्या मापाचं भोक असलेला रबर निवडा, रिकाम्या भोकात दांडी घाला, आणि नट एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. रबर सगळीकडून सारखा फुगलेला दिसला की थांबा. जिथे गॅसची लाइन शेजारी आहे तिथे मी हीच जेसी घ्यायचा आग्रह धरेन. ती महाग पडते, पण जवळपास आग पेटवावी लागत नाही.

कोअर जोडणं

सील निवतोय तोवर ट्यूब ट्रेपर्यंत नेऊन टायने बांधा. टाय एवढाच आवळायचा की ट्यूब सरकणार नाही पण चेपणारही नाही. ट्रेमध्ये प्रत्येक कोअरचे किमान दोन वेढे बसतील एवढी लांबी ठेवा, पुढे दुरुस्तीला तीच कामी येते. वेढ्याची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली नको.

रंगांचा क्रम पाठ हवा : निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. ट्यूबमध्ये सहा कोअर असोत की बारा, सुरुवात निळ्यापासून. रात्री पिवळ्या दिव्याखाली राखाडी आणि पांढरा सारखेच दिसतात, त्यासाठी पांढऱ्या उजेडाची बॅटरी जवळ ठेवा.

स्प्लाइसची स्लीव्ह ओवा, कोटिंग सोला, अल्कोहोलच्या वाइपने एकदाच ओढून पुसा, क्लीव्ह करा आणि मशीनमध्ये ठेवा. क्लीव्ह केल्यावर पुन्हा पुसायचं नाही. काच १२५ मायक्रॉन जाड आणि प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे क्लीव्हचा कोन एका अंशाच्या आत हवा. आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांत स्टरलाइट ही काच बनवते, फार शुद्ध काच. एका मळक्या वाइपने तिचं सगळं मोल जातं. पावसाळी दमट हवेत काम सुरू करण्यापूर्वी मशीनचं आर्क कॅलिब्रेशन करून घ्या. काचेचे कापलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत. चटईवर पडलेला तुकडा पायात गेला तर दिसत नाही आणि निघत नाही. तिथे खाणंपिणंही करायचं नाही. आणि कोअरच्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

मशीनचा लॉस हा अंदाज असतो. खरा आकडा ओटीडीआर या मोजणीयंत्राचा, दोन्ही टोकांकडून घेऊन सरासरी काढलेला. एका बाजूने जॉइंटवर उलट वाढ दिसू शकते, ती खोटी असते, म्हणून सरासरी. ०.१ डेसिबलच्या वर गेलेला जॉइंट पुन्हा करा. मोजणी १३१० आणि १५५० या दोन्ही तरंगलांबींवर घ्या. १३१० वर ठीक आणि १५५० वर जास्त लॉस दिसला तर स्प्लायसिंगला दोष देऊ नका. ट्रेमध्ये कोअर कुठेतरी जास्त वळली आहे किंवा टायखाली दबली आहे. जेसी बंद करण्याआधी ही मोजणी झालीच पाहिजे, नाहीतर नुकतं बंद केलेलं झाकण पुन्हा उघडावं लागतं.

झाकण आणि हवेची परीक्षा

ओ-रिंग बाहेर काढा आणि बोटांत फिरवत पूर्ण तपासा. वाळूचा एक कण, वाइपचा एक धागा, एवढ्यावरसुद्धा पाणी आत येतं. चपटी झालेली किंवा कुठे चिरलेली रिंग बदला. जुनी रिंग वाचवण्यात काहीही शहाणपण नाही. खोबण स्वच्छ पुसा. कंपनीने सिलिकॉन ग्रीस दिलं असेल तर त्याचा पातळ हात द्या. गाडीचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतो. रिंग पीळ न पडता बसवा. सिलिका जेलची पुडी दिली असेल तर ती आता उघडून आत ठेवा, तासभर आधी उघडलेली पुडी रस्त्यावरचीच ओल पिऊन बसते. पाऊस भुरभुरत असेल तर झाकण तंबूतच लावा.

डोम सरळ खाली बसवा, क्लॅम्प गुंडाळा, खटका लावा. क्लॅम्पच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा.

आता परीक्षा, आणि ही कुणीही गाळू नये. जेसीच्या बुडाला किंवा डोमला गाडीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह असतो. हातपंपाने आत ४० किलोपास्कल हवा भरा, म्हणजे साधारण ६ पीएसआय. पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडू नका. कारच्या टायरला ३० पीएसआयच्या वर हवा असते, तेवढ्याने सील उखडतो. ४० किलोपास्कल म्हणजे सुमारे चार मीटर पाण्याच्या खोलीचा दाब. पुनावळ्यातलं चेंबर काठोकाठ भरलं तरी जेसीवर त्याहून कमीच दाब येतो, म्हणून या परीक्षेत टिकलेल्या सीलवर भरवसा ठेवता येतो. पोर्टांवर, क्लॅम्पच्या कडेला, व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि थांबा. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीला मोहरीएवढा एकच बुडबुडा येतो, फुटतो आणि त्याच जागी पुन्हा येतो. तो शोधायचा असतो. स्लीव्हच्या कडेला आला तर तिथे पुन्हा आच, पण आधी आतली हवा सोडून. रिंगवर आला तर डोम काढून खोबण पुन्हा पुसायची. सगळं कोरडं राहिलं की हवा पूर्ण सोडा आणि व्हॉल्व्हची टोपी घट्ट लावा. दाब भरून जेसी तशीच सोडू नये.

टांगणं

जेसी चेंबरच्या तळाशी ठेवायची नाही. गाळ तिथेच बसतो आणि घुशींचा वावरही तिथेच. भिंतीच्या वरच्या एक तृतीयांश भागात ब्रॅकेट ठोका आणि जेसी उभी टांगा, डोम वर, केबल खाली. डोमची जेसी घ्या म्हटलं ते याचसाठी. पेला पालथा करून बादलीत दाबला तर आतली हवा पाण्याला वर चढू देत नाही, तसंच इथे होतं. सील चुकून बुडाशी गळला आणि मीटरभर पाणी चढलं, तरी आतली हवा दहा टक्क्यांच्या आसपासच आकसते. ट्रे वर कोरडा राहतो. अर्थात दिवसा तापून रात्री निवताना डबा थोडं थोडं पाणी ओढत राहतो, त्यामुळे ही सवड दुरुस्तीपुरती आहे. जेसी आडवी पडली तर तेवढीही मिळत नाही.

केबलचा लूप मोठ्या गोलाईत गुंडाळून भिंतीला बांधा. पोर्टातून निघालेली केबल पहिले २०-३० सेंटिमीटर सरळ खाली आली पाहिजे, लगेच वळवली तर सीलवर कायमचा ताण राहतो. डक्टचं रिकामं तोंडही प्लगने बंद करा, नाहीतर वरच्या अंगाच्या चेंबरातलं पाणी पाइपमधून या चेंबरात उतरतं. बीएसएनएलच्या जुन्या पद्धतीत खंदक १६५ सेंटिमीटर खोल असायचा. शहरात आज तेवढी खोली क्वचित मिळते, म्हणून केबल कुठून गेली याची खूण वर रस्त्याच्या कडेला हवीच.

नोंद

प्रत्येक केबलला टॅग : कुठून आली, कुठे जाते, किती कोअर, जॉइंटची तारीख. शाईने कागदावर लिहिलेला टॅग एका पावसात जातो, कोरलेला किंवा छापील प्लास्टिकचा लावा. फोनवर चार फोटो काढा : उघडा ट्रे, सील केलेले पोर्ट, टांगलेली जेसी आणि वरून चेंबर, शेजारची ओळखता येईल अशी खूण धरून. पुनावळ्यात दोन वर्षांत रस्त्याचं रूप बदलतं, त्यामुळे खुणेबरोबर जीपीएसचे आकडेही लिहा. कुठली कोअर कुठल्या कोअरला जोडली त्याचा तक्ता आणि ओटीडीआरचे आलेख एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत केबलच्या मालकाला द्या.

नंतर कधी नवीन केबल घ्यायची वेळ आली तर फक्त डोम काढायचा, जुने पोर्ट छेडायचे नाहीत. एखादी खराब स्लीव्ह बदलायची असेल तर ती लांबीत चिरून काढा, पोर्टाला पाती न लावता. तिच्या जागी नळीची स्लीव्ह ओवता येत नाही, कारण केबलचं टोक आत जोडलेलं असतं. चेनसारखी पट्टी लावून बंद होणारी, गुंडाळायची स्लीव्ह मिळते, ती वापरा. घासणं, पुसणं, फॉइल, आच आणि थांबणं पुन्हा तसंच, आणि नंतर हवेची परीक्षाही.

पाऊस संपल्यावर, चेंबरमधलं पाणी उतरलं की, मोकळ्या कोअरवर १५५० चा ओटीडीआर मारून नव्या आलेखाची पायरी जुन्याशी जुळवा. जॉइंटच्या जागी ती वाढलेली दिसली तर कोअर तुटायची वाट न बघता कंट्रोल रूमकडे वेळ मागा आणि जेसी वर काढा.